काई तरास नाही

नांदुरा,
१४ डिसेंबर २०१४

चिंतामणभाऊंना अख्तरीभाभीचा सलाम आणि नमस्कार.

तुम्ही, शंतनु, सूनबाई सगळे खुशाल असाल. आम्हीही खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. आमच्या अल्तमशला मलकापूरला नोकरी लागली. थंडी जोरात आहे. सरकी काढायच्या जिनासमोर यंदा ट्रॅक्टरची रांग नाही. कापूस कमी आणि भाव त्याहून कमी, बाजारात कुणाच्या तोंडावर हसू नाही. फोनच केला असता, पण आमच्याकडे फोन आणि तुमचे दोस्त दिवसभर एकाच खाटेवर असतात. म्हणून पत्र.

तुम्ही रागावलात हे मला ईदेलाच कळलं. शिरखुर्म्याचा डबा रिकामा परत आला. इतक्या वर्षांत आपल्या दोन घरांत डबा कधी रिकामा फिरला नव्हता. घरात काही नसलं तर प्रतिमावहिनी चिमूटभर साखर तरी टाकायच्या. यांनी डबा हातात घेतला, झाकणही उघडलं नाही. "धुऊन पाठवला त्यानं," एवढंच म्हणाले. वहिनी गेल्या आणि जिवाचा दोस्त दारात आला नाही, याचा तुम्हाला राग. तुमच्या जागी मी असते तर डबासुद्धा परत केला नसता!

हल्ली जुनं फार आठवतं. तुम्ही वजनकाट्यावर कारकून, हे जिनाचे फिटर. पाळी सुटली की आवारात कबड्डी. हे समोरच्यांच्या अंगणात घुसले की दम सोडायचं नाव नाही, आणि तुम्ही काट्यावरून बोंबलायचे, "फकीर, मांगं ये बे, मरशीन!" वहिनी आणि मी भिंतीआडून पाहायचो आणि हसून हसून बेजार व्हायचो. मग तुम्ही दोघं तसेच चहाला यायचे आणि माझं स्वयंपाकघर कापसानं पांढरं करून जायचे. तेव्हा ती बरकत वाटायची. पुढं कापसाचं बीटी बियाणं आलं. पहिली काही वर्षं कापूस इतका आला की जिन बंदच होईना. हे दिवसरात्र यंत्राजवळ, तोंडाला साधा रुमाल नाही. ती सगळी धूळ आता छातीत बसली आहे.

गेल्या आठवड्यात अकोल्याहून हिमानी नावाची शिकाऊ डॉक्टर आली. छातीचा जुना आजार असलेल्यांचं जगणं कसं चाललंय, ते ती प्रश्न विचारून मोजते. ज्यांचं जास्त अवघड, त्यांना श्वासाचे व्यायाम शिकवणार. "जगणं कसं मोजतेस बेटी, काट्यावर बसवून?" मी चेष्टा केली. तिनं प्रश्न सुरू केले.

"आंघोळ करताना धाप लागते?"

"नाई."

"कपडे घालताना?"

"नाई."

"जिना चढताना?"

"काई तरास नाही बेटी. तू चहा घे पयले."

तिनं बेरीज केली आणि म्हणाली, काकांचं छान चाललंय. माझं डोकंच फिरलं. भाऊ, एकही उत्तर खोटं नव्हतं. आंघोळ मी घालते, कुर्ता मी चढवते, आणि जिन्याला तर ते पायच लावत नाहीत. मग धाप लागेल कशाला? वर पाहुण्यापुढं रडगाणं गायचं नाही, ही आमच्या घरची रीत. शेवटी मीच म्हटलं, "तरास होते का, हे नको विचारू. करता येते का, ते विचार." तिनं पहिल्यापासून पुन्हा विचारलं. या वेळी तिचा चहा तसाच निवला.

शेवटी ती म्हणाली, "काका, दम पुरला असता तर काय केलं असतं?"

यांनी निवलेला कप तिच्यापुढं सरकवला. मग म्हणाले, "चिंतामणच्या घरी गेलो असतो."

भाऊ, वहिनी गेल्या तेव्हा यांनी तुम्हाला फोनवर सांगितलं ना, की मी अकोल्यात अडकलोय? ते शेगावातच होते. तुमच्या इमारतीखाली, ऑटोत. दोनदा जिना चढायला गेले, पहिल्या वळणापर्यंतही पोचले नाहीत. मी म्हटलं, भाऊंना खाली बोलावते. तर म्हणाले, "त्याची बायको गेली, अन् मी तिथं खोकत बसू? लोक तिले सोडून मले पायतीन." मग मी एकटीच वर आले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाही. खाली यांनी माझ्याकडून कसम घेतली, की तुम्हाला सांगायचं नाही. ती आज मोडतेय. अल्ला माफ करेल, हे करायचे नाहीत.

डॉक्टर म्हणतात, ही थंडी निघाली की बरं. निघेल का, ते कुणी म्हणत नाही.

तुम्ही या. भांडा, वाटेल ते बोला, पण या. आणि 'काई तरास नाही' म्हणाले तर ऐकू नका.

वहिनींसाठी तुमच्याजवळ बसून रडायचं ज्याचं राहून गेलंय, त्याची बायको,
अख्तरी