प्रभूने दाखवलं

प्रिय अमरेश,

सलाम. तुम्ही दोघं लातूरला ऑपरेशनसाठी निघाला होतात, त्या सकाळी मी काय केलं ते मला अजून क्रमानं आठवतं. दारात रिक्षा उभी होती. चंद्रप्रभावहिनींनी कपड्यांची पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि म्हणालो, "प्रभूने दाखवलं, कापाकापीची गरज नाही." वहिनींनी पिशवीतलं पातळ काढून पुन्हा दोरीवर टाकलं. तू रिक्षा परत पाठवलीस. चार महिन्यांनी आपण त्यांना मातीत ठेवलं आणि तू उदगीर सोडून बिलोलीला भावाकडे गेलास.

कबरीजवळही मी बोललोच. देवाच्या योजना माणसाला कळत नाहीत, म्हणालो. चार महिन्यांपूर्वी मला त्या बऱ्या कळत होत्या!

चर्चच्या मंडळीला याचं काहीच वाटत नाही. परवा साखराबाईनं मला शाळेच्या फाटकाशी गाठलं. "भाऊ, देव तुमच्याशी बोलायलाय, तर नातीचं लग्न कधी जमतंय तेवढं विचारा की." मी चिडून म्हटलं, "मी काय पोस्टमन हाय का?" ती हसली. तिला तो माझा नम्रपणा वाटला.

आपल्यात मनात काही आलं की 'दाखवलं' म्हणायची सवय. पण शेवटचा दिवस कधी, असं विचारल्यावर प्रभू स्वतः म्हणाला, मला ठाऊक नाही, पित्यालाच ठाऊक. शिष्यांसमोर म्हणाला, लाजला नाही. मला मात्र वहिनींच्या पोटातल्या एका गाठीबद्दल तेवढंच म्हणता आलं नाही. वर्षभर देवाशी भांडतोय, त्या सकाळी माझं तोंड का बंद केलं नाहीस म्हणून. उत्तर आलं तरी आता कुणाला सांगणार नाही.

तुझा भाऊ भीमाशंकर फोनवर म्हणाला, तू अजून जेवता जेवता थांबतोस आणि म्हणतोस, रिक्षा मीच परत पाठवली. म्हणून हे पत्र. काल उपासनेत गाणं संपल्यावर मी उभा राहिलो आणि सांगितलं, प्रभूने मला काहीही दाखवलं नव्हतं. वहिनींनी ती पिशवी ज्या तऱ्हेनं धरली होती, ते बघवेना, म्हणून बोललो. पाळकसाहेब नुसतेच खोकले. साखराबाई म्हणाली, "बसा भाऊ, ऊन लागलंय तुम्हाला." माझी उपदेशाची वही कायमची पाळकसाहेबांच्या हाती देऊन मी बसलो, मागं, चपलांजवळच्या सतरंजीवर. रिक्षा मी परत पाठवली, अमरेश. तू नाही. हे मी सगळ्यांसमोर सांगून आलोय.

तुझाच,
सुदर्शन