फळ्याच्या कोपऱ्यातला गोल

बाई, आज तुमच्यामुळे मी एका बऱ्या कामाला नाही म्हणालो. मस्कतला शटरिंगच्या सुतारकामावर आहे मी. प्लायवूड कापून साचे ठोकायचे, त्यात काँक्रीट ओतणारे दुसरे. दुपारी आमचा केरळी फोरमन माझी फळी उचलून बघत राहिला. चुकलेल्या मापाभोवती पेन्सिलीचा गोल, खाली बरोबर माप. "ये गोल क्यूँ मारता तू? मिटाता क्यूँ नहीं?" म्हटलं, "आदत है साब." तो हसला. म्हणाला, ड्रॉईंग वाचायला मी शिकवतो, तुला टोळीचा मुख्य करतो. माझ्या तोंडून निघालं, "नहीं होगा साब, अपना हिसाब कच्चा है." खरं तर दुसराच शब्द ओठावर आला होता. तुमचा.

गोलही तुमचाच. तुम्ही आम्हाला पाचवीत आलात, तोवर गणिताच्या तासाला माझ्या पोटात कळ यायची. खोटी नाही, खरी. चौथीचे गुरुजी फुटपट्टी उभी धरून पेरांवर मारायचे. दोन वर्षं मी त्याच वर्गात काढली, म्हणजे हिशोब करा. घाटकोपरच्या टेकडीवरची आम्ही पोरं, कोणाच्या बापाला भ्यायचो नाही, पण अपूर्णांक आले की वाट लागायची. तुम्ही पहिल्याच दिवशी सगळ्यांचे खोडरबर गोळा करून बिस्किटाच्या डब्यात टाकलेत. चूक पुसायची नाही, तिला गोल करायचा. रोज एक चूक निवडून तुम्ही फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचात. ज्याची ती चूक, त्याने उभं राहायचं आणि वर्गाने टाळ्या वाजवायच्या. माझी पाळी आली तेव्हा मी एक छेद दोन अधिक एक छेद तीन, बरोबर दोन छेद पाच असं केलं होतं. तुम्ही म्हणालात, "अर्धा पाव होता, त्यात अजून तुकडा घातलास. मग पाव वाढायला हवा ना? हा तर अर्ध्याहून कमी झाला! मधल्यामधे खाल्लास की काय रे?" वर्ग खिदळला. मी सगळ्यात जास्त. मग पावाचे सारखे सहा तुकडे करून दाखवलेत, तीन आणि दोन, पाच. एवढंच होतं ते! त्या दिवशी पोट दुखलं नाही. 

दुसऱ्या दिवशी न सांगता तपासणीचे साहेब आले. मुख्याध्यापक मागे, हात बांधून. माझी चूक कोपऱ्यात तशीच होती, खडूच्या गोलात. साहेब म्हणाले, "बाई, हे असं शिकवता तुम्ही? कोणाचं हे?" आणि बाई, मी उभा राहिलो. छाती काढून, हसत. मला वाटलं आता साहेबही टाळ्या वाजवतील. मागे दोघातिघांनी वाजवल्याही. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. "साहेब, हा जरा मठ्ठ आहे," म्हणालात, "पुसायचं राहून गेलं." आणि डस्टर उचललंत.

मारणाऱ्या गुरुजींचा मला कधी राग आला नाही. ते मारणार हे ठाऊक होतं, हात आधीच घट्ट करून ठेवायचो. तुमच्यापुढे मी हात सैल सोडला होता. तुमची नोकरी होती, वरचा माणूस समोर होता, हे आज मला कळतं. आम्हीही इथे साहेबापुढे काय काय बोलतो. कळलं म्हणून राग जात नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत आलो नाही. दप्तर घेऊन निघायचो आणि फर्निचरवाल्याच्या दुकानात रंधा मारताना बघत बसायचो, मग तिथेच लागलो. लोकांना सांगितलं, बाबांची गिरणी बंद पडली म्हणून शाळा सुटली. सगळ्यांना पटलं.

एका रविवारी तुम्ही घरी आला होतात. दम्याचा त्रास असून एवढ्या पायऱ्या चढून. मी घरात नव्हतो, असं आईने तुम्हाला सांगितलं. "खंय गेलो देवाक ठावक," म्हणाली. तुम्ही बराच वेळ श्वास घेत बसलात. मग म्हणालात, "मी त्याला सगळ्यांसमोर मठ्ठ म्हटलं." आई म्हणाली, "त्यात काय झाला बाई, घरात आम्ही रोजच म्हणतो." तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "त्याला सांगा, चूक माझी होती. सोमवारी फळ्यावर लिहिणार आहे, गोल करून. त्याने यावं." चहा तसाच ठेवून गेलात. लिहिलंत का सोमवारी, मी कधी कोणाला विचारलं नाही. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही वारलात. त्याला बारा वर्षं झाली.

फोरमन उद्या परत विचारेलसं वाटत नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाही, तर एक गोष्ट लिहून टाकतो. आईला खरंच ठाऊक नव्हतं. मी माळ्यावर होतो, पिंपाच्या मागे. तुमच्या चपलेच्या पट्ट्याला सेफ्टी पिन लावलेली होती, तीसुद्धा दिसत होती. तुम्ही दोनदा वर बघितलंत. मी श्वास रोखून धरला आणि खाली उतरलो नाही.