निळी पट्टी आणि चिमूटभर मीठ

५ फेब्रु. ९६, कात्रप
पट्टी आजही तशीच. वीस थर चढवलेत काचेवर, दोन द्रावणांत आळीपाळीने बुचकळून. सगळे मिळून केसाएवढेही जाड नाहीत. निळा रंग झकास धरते. सोडायचं मात्र नाव नाही. आपण सांगू तेव्हा सोडला, तरच पुढे रंगाच्या जागी औषध भरता येणार. लॅबचे सर म्हणाले, "पंधरा तारखेपर्यंत दाखवा, नाहीतर परत बॅच टेस्टिंगला." दीड वर्षं घातलंय यात. अंबरनाथ स्टेशनपर्यंत रडू आवरत चालले.

९ फेब्रु.
गरम पाणी – नाही. कडक आम्ल – थरच सोलून निघाले. मिठाने थर विस्कटतात, त्याला हात लावू नका, ही सरांची ताकीद.

११ फेब्रु., रवि.
दोन पट्ट्या घरी आणलेल्या. भाजी घेऊन आले तर वाटीत निळं पाणी, पट्ट्या स्वच्छ. सासूबाईंनी वीस वर्षं कॅम्प १मधल्या रंगाच्या कारखान्यात कापड रंगवलंय. घाबरून म्हणाल्या, "बोटाला निळं लागलं गं. वाटलं, कच्चा रंग. पक्का व्हावा म्हणून मिठाच्या पाण्यात टाकल्या."
मी ओरडलेच, "आई, सुटला! रंग सुटला!"
"तेच तर म्हणते, वाया गेला."
मिठीच मारली. बिचाऱ्या जेवेपर्यंत माफी मागत होत्या.

१२ फेब्रु.
"मीठ किती?" तर म्हणे, "अंदाजाने." पाच वेळा चिमूट घ्यायला लावली, पाच पुड्या बांधल्या. लॅबच्या काट्यावर पाचही जवळपास सारख्या! काय हात आहे बाईचा.

१३ फेब्रु.
साध्या पाण्यात तासभर, काही नाही. आईंची पुडी टाकली, पाच मिनिटांत पाणी निळं. थर शाबूत. सर चष्मा पुसत राहिले.

१४ फेब्रु.
सर : "सोडला, मान्य. आता त्याच पट्टीने पुन्हा धरला पाहिजे. उद्या सकाळी बघू." पट्टी निळ्या रंगात ठेवून आले. घरी सांगितलं.
"एकदा सोडल्यावर परत धरेल का गं?"
"माहीत नाही, आई."
आत गेल्या, कागदाची एक पुडी बांधून आणली.
"असू दे. धरला, तर सोडवायला लागेल ना."
पर्समध्ये ठेवलीय.