न वाचलेला कागद

प्रिय मास्तरीणबाई,

आपल्या दोन खोल्यांमध्ये एक पातळ भिंत असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. समोर बसलं की तू मला समजावू लागतेस आणि मी मुकाट्याने ऐकते, म्हणून लिहितेय. गुरुवारी चौकशी समिती माझ्या समुपदेशनाच्या परवान्याचा निकाल लावणार. झोप उडालीय, भूक मात्र शाबूत आहे. काल तुझ्या डब्यातली बिस्किटं मीच संपवली.

तो कागद तूच तयार केलास. नवीन माणूस बोलायला लागण्याआधी मोठ्याने वाचायचा: इथलं बोलणं इथेच राहील, पण कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा लहान मुलाला इजा होत असेल, तर कायद्याने मला कळवावंच लागेल. हे ऐकून माणसं गप्प बसतील, अशी कुरकुर मी केली होती. बसू देत, काय सांगायचं ते त्यांनाच ठरवू दे, असं तू ठणकावलंस. पुढे अकरा वर्षं मी तो वाचत आले. तोंडपाठ झाला, तरी हातात धरूनच.

आणि मग ती कपडे शिवणारी बाई आली. तिला मी कागद वाचून दाखवला नाही. तिसऱ्या भेटीत तिने सांगितलं, की कामाचा ढीग पडलेला असताना पोरगी रडायला लागली की तिचं डोकं फिरतं. दोनदा तिने गरम इस्त्री पोरीच्या हाताला लावली होती. मला थांबवा हो, असं म्हणून ती ढसाढसा रडली. तिला पाणी दिलं, आता हे मला कळवावं लागेल असं सांगितलं आणि तिच्यासमोरच फोन लावला. मुलगी आता मावशीकडे आहे. आई दर शनिवारी तासभर तिला भेटते, तेही अधिकाऱ्यासमोर.

समितीकडे केलेल्या तक्रारीत बाईने फोनबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. आधी सांगितलं असतं तर बोलायचं की नाही ते मी ठरवलं असतं, एवढंच तिचं म्हणणं. ते वाचून मला फार लाज वाटली.

तू समितीपुढे सांगणार आहेस, की बाई रडत आली आणि त्या गडबडीत मी विसरले. तुझ्या शब्दाला वजन आहे, ते मानतीलही. पण मी विसरले नव्हते. पहिल्या दिवशी दार उघडलं तेव्हा मुलगी बाहेर बाकावर चित्र काढत होती. बाही वर सरकली होती. मी हातावरचा भाजल्याचा डाग पाहिला आणि कागद ड्रॉवरमध्ये टाकला. वाचला असता तर आई बोललीच नसती, आणि नुसत्या एका डागावरून कुणी काही केलं नसतं, असा हिशोब मी दारात उभ्या उभ्या केला. मुलगी सुटली याचं मला समाधान आहे. पण मदत मागायला आलेल्या बाईला मी फसवून बोलतं केलं, आणि गुरुवारी मी तेच सांगणार आहे. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. माझ्या बाजूने काही बोलू नकोस. जमलं तर तिच्या शेजारी जाऊन बस. ती एकटीच येणार आहे.

तुझीच,
भिंतीपलीकडची