भैरवी अडवून ठेवली आहे

१२ जानेवारी
रेकॉर्डिंगचा पहिला दिवस. झालं काहीच नाही. प्रीतमने, म्हणजे माझ्या भाच्याने, इब्रामपूरला काजूच्या बागेतली जुनी खोप दुरुस्त करून स्टुडिओ केलाय. भिंतींना गाद्या, जनेलाला गादी, दारालाही गादी. घरून, सर्वणहून, गाडीत हाडं खिळखिळी करून घेत पोचले, अंतरा धरला, आणि डोक्यावरून मोपाच्या विमानतळाचं विमान. परत धरला, परत विमान. मग विमान नव्हतं तर शेजाऱ्यांचा कोंबडा. एवढ्या गाद्या लावून कोंबडा आत ऐकू येतोच.

प्री. म्हणतो, "मावशे, तुज्या ह्या आवाजात सोल आसा." सोल म्हणजे काय विचारलं तर परदेशातल्या बायकांची गाणी ऐकवली. बऱ्या गातात, पोटातून. मी म्हटलं, मीपण पोटातूनच गाते, सकाळी पेज जेवून आलेय. हसला मेला.

१४ जाने.
दत्ताराम मास्तर आले सुर्ल्याहून. पेटी मांडीवर घेऊनच गाडीत बसतात, डिकीत ठेवू देत नाहीत. मी जत्रांमध्ये गायचे तेव्हापासून साथीला तेच. बसले आणि थेट काळी चार दाबली. माझी जुनी, उंच पट्टी!

म्हटलं, मास्तर, आता काळी एक. गळ्याच्या ऑपरेशनानंतर आवाज तिथंच उतरलाय, फोनवर सांगितलं होतं.
"काळी एक बापयांची पट्टी."
"मग पुरुषासारखी गाते."
"आनी ती कोणाक आयकूंक जाय?"

उठून गेले नाहीत, पण तोंड फिरवून वाजवलं. दिवसभर मला त्यांचा नुसता कान दिसत होता. हेच वाक्य, असलं गाणं ऐकायचंय कोणाला, कोणीतरी म्हणेल म्हणून मी वीसेक वर्षं तोंड मिटून बसले. घरात आरतीलासुद्धा टाळ्याच वाजवल्या. आणि म्हटलं कोणी, तर आपल्याच पेटीवाल्याने. राग आला. जेवताना यांनी विचारलं कसं झालं, तर यांच्यावरच ओरडले. बिचारे भाताकडे बघत बसले.

१७ जाने.
प्री.चं नवं खूळ. बासरीवाला कोल्हापूरकडचा, डिचोलीला कारखान्यात कामाला, त्याला सुट्टी आजचीच. म्हणून भैरवी आज घेऊन टाकूया म्हणे, बाकीची गाणी नंतर.

भैरवी आधी! भैरवी झाली की गाणं संपलं, वाद्यं खोळीत जातात, नंतर कोणी सूर लावत नाही. हे याला शिकवायला हवं? याची आई माझी सख्खी बहीण!

"मावशे, आतां लोक मोबायलार खंयचेंय पयलें आयकतात."
"लोकांना वाटेल ते आधी ऐकू दे. मी गाणार नाही."

मग मला बोलावलंच कशाला, म्हणून मास्तरांनी पेटीचा भाता लावून टाकला. "भैरवी पयली, मगे माका आपयलो कित्याक?" चार दिवसांत पहिल्यांदा आमचं दोघांचं एकमत. शेवटी बासरीवालाच म्हणाला, "नको वो ताई, मी दुसऱ्या गाण्यात वाजवतो. भैरवीनंतर गायलं म्हणून कळलं तर आमच्या भजनी मंडळात घेणार न्हाईत मला." शहाणा माणूस. गौळणीत गोड वाजवलं.

२५ जाने.
सात गाणी झाली. विमानांच्या मधल्या फटी शोधून शोधून. राहिली फक्त भैरवी.
आज सातवं गाणं घेताना मास्तरांचा कान गेला आणि तोंड दिसलं. संपल्यावर म्हणाले, "सकयली पट्टी पेटयेक बरी बसता." माझ्याबद्दल अवाक्षर नाही. खालची पट्टी पेटीला बरी बसते! तरी गाडीत एकटीच हसत आले. खूप बरं वाटलं, लिहायला लाज कसली.

२९ जाने.


प्री. घरी आला गाणी ऐकवायला. स्पीकर मेजावर ठेवला. हे समोर बसले. हे पहिल्यांदाच ऐकणार होते.
गाणं सुरू झालं आणि कोणी भलतीच मुलगी गायला लागली. शब्द माझे, श्वास घ्यायच्या जागा माझ्या, पण आवाज गुळगुळीत, काळी चारमध्ये. कॉम्प्युटरवर वर चढवला म्हणे. आधी माझ्या खऱ्या आवाजातला तुकडा लोकांना पाठवला होता, तर सगळ्यांनी विचारलं, ही कोण? "जाणट्या लोकांक तुजो जुनोच आवाज जाय मावशे, हांव कितें करूं?"
म्हाताऱ्यांना जुना आवाज हवा, तर तो सोल कुठं गेला रे?

बोलणार होते पुष्कळ. मग यांच्याकडे बघितलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी.
"अगो, ही तूंच," म्हणाले. "तूंच मगो ही!"

प्री.ने माझ्याकडे बघितलं. बघ, असं. मी आत जाऊन दार लावून घेतलं.

३० जाने.
यांच्याशी बोलणं नाही. पाव घेऊन पोदेर आला तेव्हा "पाव किती?" एवढंच.
यांनी मला बघायच्या आधी ऐकलं होतं. जत्रेत, लाऊडस्पीकरवर, लांब शेतात उभं राहून. लग्नानंतर किती जणांना ती गोष्ट सांगितली असेल. तेव्हा मला केवढा मान वाटायचा. आज वाटतं, यांचं लग्न त्या स्पीकरशीच झालंय.

१ फेब्रुवारी
प्री.ला फोन. सांगितलं, गाणी होती तशी काळी एकला खाली आण. म्हणतो, पोस्टर गेलं सगळीकडे, 'तोच आवाज, पुन्हा एकदा'. म्हटलं, तोच आवाज म्हणजे कुठला?
मग सांगून टाकलं. भैरवी गाणार नाही. गाणी खाली उतरव, दुसऱ्या दिवशी येते. नाही तर बैठक अशीच अर्धी राहू दे.
"सातच गाणी सोडटां मगे."
"सोड."
फोन ठेवला. बाहेर सोडलीच त्याने, तर लोकांच्या कानात ती मुलगी कायमची बसणार, आणि मी खरी गायले होते हे कोणाला कळणारही नाही.

३ फेब्रु.
मास्तरांना कळवलं. वाटलं, खूश होतील, त्यांची काळी चार परत आली. तर मलाच झापलं. "माजी बोटांय वर चडयलीं ताणें? हांव खंयच्यो पट्ट्यो वाजयल्यो ते माका खबर ना?" प्री.ला फोन करून ऐकवलं म्हणे, भैरवी झाली नाही तर माझी पेटी उघडीच, आणि उघड्या पेटीचं गाणं विकणारा तू कोण. प्री. रडकुंडीला. दोन दिवस द्या, म्हणतो. कशाला दोन दिवस, ते सांगत नाही. माझ्याकडून उत्तर हवंय की स्वतःकडून, देव जाणे.

५ फेब्रु.
दुपारी मागल्या दारी माड शिंपायला गेले तर त्या मुलीचा आवाज. हे न्हाणीमागे दगडावर बसलेले, मोबाईल कानाशी, तीच गौळण. प्री.ने यांना पाठवून ठेवलीय! चोरून ऐकतात, माझ्यापासून, मलाच!

डोकं फिरलं. म्हटलं, बंद करा ते, ती मी नव्हे.
"माका खबर आसा," म्हणाले. "पूण ती आशिल्ली मगो. खंय गेली ती? तूं कदीं सांगूंकच ना. ऑपरेशन जालें आनी तूं वगी रावलें. हांव कोणाक विचारूं?"

ती होती, मी गप्प बसले, आणि यांनी विचारायचं कोणाला? इतकी वर्षं वाटत होतं, गेलं ते फक्त माझं गेलं.

हातात पाइप, पाणी तसंच वाहतंय. तिथंच उभं राहून गौळण धरली. काळी एक. तालमीशिवाय, पहिला सूर किंचित हललाच. यांनी मोबाईल बंद केला. खाली मान घालून ऐकलं, शेवटपर्यंत.

संपल्यावर मोबाईल खिशात घातला. मग म्हणतात, "खरें सांगूं? माका ती आदलीच बरी दिसता."

आधीचीच बरी म्हणे! असा संताप आला! एक शब्द खोटा बोलला असता माणूस तर काय बिघडलं असतं? पाइप टाकला, त्यांच्यासमोर दगडावर बसले आणि तीच गौळण परत गायले. या वेळी आणखी अर्धा सूर खाली.
हे उठले नाहीत.