माझ्या हातातला फ्यूज

तासगाव, मार्च १९९७

मार्थावहिनींस याकोबचा सलाम.

शमुवेलदादाला मी मारलं, हा विचार सहा वर्षं छातीवर बसून आहे. चर्चच्या पाळकांना एवढंच सांगितलं. ते म्हणाले, "याकोबराव, सैतान खोटं घालतोय मनात. विचार आला की त्याच्या जागी सत्य वचन ठिवा." मी रोज ठेवतो. विचार हलत नाही, कारण तो खोटा नाही.

विहिरीतली मोटार दुरुस्त करायला उतरताना दादा पेटीतला फ्यूज काढून खिशात घालायचा. त्या दिवशी तो माझ्या हातात दिला. दादा वर आला असं समजून मी तो बसवला. दादा खाली विजेला चिकटला. नंतर मी सगळ्यांना सांगितलं, फ्यूज काढायला दादाच विसरला.

परवा फलटणला तुम्ही लेकीवर ओरडलात, "बापावानी येंधळी होऊ नगंस!" मी चहा पीत ऐकत बसलो.

वहिनी, दादा वेंधळा नव्हता. खोटा विचार तुमच्या मनात आहे, आणि तो मी घातला आहे.

हे चौथं पत्र. आधीची तीन चुलीत गेली. पत्र पोस्टात टाकेपर्यंत चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या भाकरीला शिवायचं नाही, असं पहिल्या पत्राच्या वेळीच ठरवलंय. ती न घेता दुसरं वर्ष चाललंय.

तुमचा दीर,
याकोब