गळ्यातल्या गाठीचा काप

मी, शत्रुघ्न गणपत पाष्टे, वय सत्तावीस, शिक्षण नववी, मूळ तालुका गुहागर, सध्या फरवानिया, कुवेत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. रविवारी माझ्या गळ्यातली थायरॉइडची गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात, घाबरू नका. तरीही लिहून ठेवलेले बरे.

१. गावच्या घरातला माझा हिस्सा व बँकेतली शिल्लक आई गंगूबाई हिला.

२. भिंतीवरची माल्पिघी, बिशा व लेवेनहूक या जुन्या शास्त्रज्ञांची चित्रे माझे उस्ताद हमीदचाचा यांना रत्नागिरीस परत पाठवावीत. मी त्यांच्या तिथल्या लॅबमध्ये फरशी पुसत होतो. चाचांनी मला मायक्रोटोमवर, म्हणजे मेणात बसवलेल्या मांसाचे केसाहून पातळ काप काढणाऱ्या यंत्रावर, बसवले. लेवेनहूककडे बोट दाखवून म्हणाले, “हा कापड विकायचा. कॉलेजचं तोंड नाय बघितलंन.” तेव्हापासून मी मान वर करून काम केले. लेवेनहूकनेही मरताना सव्वीस चांदीची सूक्ष्मदर्शक यंत्रे लंडनच्या रॉयल सोसायटीला ठेवली. उत्तम भिंग कसे करायचे, ते मात्र शेवटपर्यंत सांगितले नाही.

३. मीही सांगितले नव्हते. इथल्या लॅबमध्ये शेजारच्या टेबलावरचा अनुप एम.एस्सी. आहे. “काय प्रोफेसर, नववी अ की ब?” असे दोन वर्षे विचारतो. त्याचे थायरॉइडचे काप तडकतात, माझे नाही. मी मुद्दाम त्याच्याकडे पाठ करून कापायचो.

मग लक्षात आले, माझी गाठ आमच्याच लॅबमध्ये येणार आणि कापणार अनुपच. काप तडकला तर कर्करोग आहे की नाही, हे डॉक्टरांना कसे कळणार?

म्हणून माझी पद्धत अनुपला मरणाची वाट न पाहता कालच दिली. ब्लॉक, म्हणजे मांस बसवलेला मेणाचा ठोकळा, ओल्या बर्फावर दहा मिनिटे पालथा ठेवावा. कापताना त्यावर तोंडाने हलकी वाफ सोडावी.

“दोन वर्षं गप्प बसलास? नालायका, मला वाटलं माझाच हात वाईट!” तो म्हणाला. मग हळूच, “तुझ्या वेळी हात थरथरला तर?”

“तर थांब. माझा ब्लॉक कुठे पळत नाही.”

४. माझ्या गाठीच्या स्लाइडचा फोटो खाली साक्षीदार असलेल्या उल्हासने हमीदचाचांना पाठवावा. गाठ कोणाची, काप कोणाचा, काहीच सांगू नये. चाचांना तो काप माझ्या हातचा वाटला, तर पद्धत अनुपकडे नीट पोहोचली असे समजावे.

मजकूर दोनदा वाचला. खाडाखोड नाही.

सही: शत्रुघ्न गणपत पाष्टे
साक्षीदार: उल्हास मोहिते, तौफीक परकार (दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या)
फरवानिया, कुवेत. शुक्रवार, ९ जानेवारी २०२६